अंतऱ्यात चिरकलेला आवाज

रेडिओवर रूथचं गाणं लागलं, पण गळा कुण्या कोवळ्या पोरीचा होता. फोडणी करपली तरी रूथ जागची हलली नाही.

हॉटेलांत जन्मभर इंग्रजी सोल आणि फंक गाणी गायलेल्या रूथला हे पहिलं मराठी गाणं नवऱ्यानेच, बेसगिटारवाल्या प्रभाकरने, बांधून दिलं होतं. रेकॉर्डिंगच्या दिवशी सर्दीमुळे अंतऱ्यात तिचा आवाज चिरकला. "राहू दे, त्यातच तर जान आहे," तो म्हणाला होता.

"अहो, बघितलंत? रेकॉर्ड कंपनीवाल्यांनी परस्पर माझा काटा काढला!"

प्रभाकरची बोटं टेबलावर ठेका धरून होती. अंतरा आला. पोरीचा आवाज नेमका तिथंच, तस्साच चिरकला, आणि प्रभाकरच्या तोंडून निघून गेलं, "शाब्बास! जमलं एकदाचं!"