पोटभर

"जेवलीस का गं?" फोन स्पीकरवर टाकून विमलताईंनी नेहमीसारखं विचारलं. नजर मात्र टीव्हीमागच्या काळ्या डबीवर होती. तिचा हिरवा दिवा लुकलुकत होता, म्हणजे ऋजुता तिच्यातूनच बोलत होती.

ऋजुता नोकरीला होती त्या देशात सरकारचा इंटरनेटवर पहारा असायचा. म्हणून दिवाळीला आली तेव्हा तिने मिरजेच्या घरी ही डबी जोडली होती, तिचं इंटरनेट या घरातून फिरवणारा तिचा खासगी प्रॉक्सी सर्व्हर. बंद केलेल्या साइट्स, खऱ्या बातम्या, आईशी मोकळं बोलणं, सगळं या चोरवाटेने. तिथल्या मैत्रिणीही तीच वाट वापरायच्या.

जाताना तिने फक्त आईला बजावलं होतं, "मी कधी वेळेवर जेवत नाही, तुला ठाऊकच आहे. 'पोटभर जेवले' म्हणाले, तर समज, शेजारी पोलीस बसलेत. काही न विचारता डबी बंद कर, नाहीतर मैत्रिणीही सापडतील."

आता स्पीकरवरून ऋजुताचं उत्तर आलं.

"हो आई. पोटभर जेवले."

कुठे आहेस, मारलं का, कधी सोडतील, सगळं विमलताईंच्या ओठांवर आलं आणि त्यांनी ते गिळलं. "बरं झालं बाई," एवढंच म्हणून त्यांनी वायर उपटली. दिवा विझला.

स्वयंपाकघरातून ऋजुताच्या बाबांचा खुशीतला आवाज आला, "ऐकलंस? जेवली एकदाची पोरगी! चल, आता तूही बस."