दोन तासांचं हैदराबाद

“विमानानं नागपूर ते हैदराबाद फक्त दोन तास,” प्रभाकर मास्तर म्हणाले आणि मांडी बदलून ऐसपैस बसले.

भाईदासने डोळे बारीक केले. जसोंडी गावातल्या त्याच्या ओसरीवर मास्तर आपल्या भाच्याला, श्रीकांतला, घेऊन थेट लोधीपुऱ्याहून आले होते. मुलगा हैदराबादच्या विमानतळावर नोकरीला होता. भाईदासची धाकटी लेक मालू त्यांना पसंत होती, मुलगाही नावं ठेवण्यासारखा नव्हता. पण भाईदासचा हट्ट एकच. लेक एका दिवसाच्या वाटेपलीकडे द्यायची नाही.

“पन हैदराबाद तं परवापरवापर्यंत निजामाचा मुलूख व्हता.”

“होता. आता आपल्यातच आलं ना! म्हणजे परकंही नाही अन् लांबही नाही.”

“अन् इमानात बसाचं कुठं?”

“नागपूरला.”

“नागपूरले कसं जायाचं?”

“रेल्वेनं. एक रात्र जाते,” मास्तर घाईघाईने म्हणाले, “पण ती काय, झोपेतच जाते!”

भाईदास गोंधळला. धूलकोटला जायला बैलगाडी जुंपली तर सकाळी निघून पोचेपर्यंत दिवस कलतो. मग हैदराबाद धूलकोटपेक्षा जवळ झालं की काय? आणि झोपेत गेलेली रात्र वाटेत धरायची की सोडून द्यायची? बिचाऱ्याच्या डोक्याचा पार भुगा झाला. मास्तरांना मात्र काम फत्ते झाल्यासारखं वाटत होतं.

तेवढ्यात धुरपदाबाई दाराआडून बाहेर आली. बोलणी चालू असताना मुलीच्या आईने असं पुढे यायची रीत नव्हती. तिने पदर सारखा केला.

“आमची थोरली धूलकोटले दिली व्हती. एका दिसाच्या आतली वाट. बाळंतपनात गेली. आमाले चौथ्या दिशी कळलं, तेबी बजारात, तिसऱ्याच मानसाकडून.” मग ती श्रीकांतकडे वळली. “तुमचे वडील मागल्या साली गेले, तवा तुमी हैदराबादलेच व्हते ना? कवा पोचले?”

मास्तर मोठ्याने खाकरले. भाच्याने त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

“तिसऱ्या दिवशी,” तो म्हणाला. “राख सावडायला. विमानात जागा मिळाली नाही, रेल्वेनं आलो. रोज लोकांना विमानात बसवून देतो, पण मी स्वतः अजून एकदाही बसलेलो नाही.”

मास्तरांनी कपाळाला हात लावला. सोयरीक मोडली असं धरून ते आपली टोपी शोधू लागले. भाईदास बोटांवर मोजतच होता. दोन तास, एक रात्र, तीन दिवस. काही केल्या मेळ बसेना.

धुरपदाबाई आत जाऊन वाटी घेऊन आली. ती रडत होती, आणि ते लपवायचा तिने प्रयत्नही केला नाही.

“मालू याले द्या,” ती नवऱ्याला म्हणाली. “काही बरंवाईट झालं तं हा पोरगा आपल्यापासून लपवनार नाही.”

“अवं, पन मंग हैदराबाद लांब हाये का जवळ?”

“लांब हाये. लई लांब,” ती म्हणाली, आणि श्रीकांतच्या हातावर साखर ठेवली.