करूळ घाटातला पाऊण तास

दस्तगीर मेस्त्रीनं गाडीच्या सेन्सरची वायर काढली, तरी इंजिनच्या टेंपरेचरचा काटा लालवरच होता. वायर चाचपत गेल्यावर दोष सापडला. एका जागी ती सोलवटून बॉडीला टेकत होती.

"काका, काळजी मिटली," तो खुशीत नार्वेकरांना म्हणाला. "इंजिन तापलंच नव्हतं. काटा खोटं दाखवत होता. खुशाल चालवायची गाडी."

नार्वेकर काट्याकडे बघत म्हणाले, "करूळ घाटात काटा लाल झाला म्हणून आम्ही पाऊण तास थांबलो, इंजिन थंड व्हायला. मागच्या सीटवर मिसेसच्या छातीत दुखत होतं. कोल्हापूरला पोचलो, तर डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं."

दस्तगीरनं हातातला पाना खाली ठेवला.

"गाडी माझी मुलगी चालवत होती," नार्वेकर हळूच म्हणाले. "थांबायचं तिनंच ठरवलं. बाहेर उभी आहे. तिला सांगा, इंजिन खरंच तापलं होतं."

दस्तगीर बाहेर गेला. "ताई, इंजिन तापलंच होतं. थांबला नसतात, तर गाडी घाटातच बंद पडली असती."

आई गेल्यापासून मुलगी आज पहिल्यांदा रडली. नार्वेकर मात्र बराच वेळ बाहेर आले नाहीत.