तेलाचा काटा

काटा पुन्हा खाली पडला, तसं बंकटनं इंजिन बंद केलं आणि कपाळाला हात लावला. मागची पाण्याची टाकी कोरडी होती. गोदावरीपर्यंत जाऊन पाणी आणायचं तसंच राहिलं होतं आणि सगळं गाव रिकाम्या घागरी घेऊन उन्हात उभं होतं.

बहात्तरच्या त्या दुष्काळात सोसायटीच्या या एकाच गाडीवर गाव जगत होतं. लढाईच्या काळातली गाडी, लिलावात घेतलेली. इंजिनातल्या तेलाचा दाब दाखवणारा काटा वर असला की बंकट गाणं म्हणायचा, खाली आला की देवाचं नाव घ्यायचा. आज काटा शून्यावर होता आणि बंकटला देवाचं नावही आठवत नव्हतं.

रांगेत सगळ्यांच्या पुढं भिवराबाई. सोसायटीचे चेअरमन बबनराव तिच्या पोटचे. तिला मागं सरक म्हणायची कुणाची छाती? गाडीतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण मला कळत नाही, असं तिनं जन्मात कशाबद्दल म्हटलं नव्हतं.

"तेल इकलंस का बे?" तिथं येऊन पोचलेल्या बबनरावांनी बंकटला विचारलं.

"बघा की, मालक." बंकटनं तेल मोजायचा गज ओढून दाखवला. "खुणेपर्यंत हाय. जरा वरच हाय."

बबनरावांनी गज उलटा केला, सुलटा केला. तेल होतं. मग दाब कुठं गेला?

"पोट भरलंय आन् नाडी लागंना," भिवराबाई म्हणाली, "आसला कसला रं तुजा रोगी?"

रांग हसली. बंकट हसला नाही.

उमापूरहून गहिनीनाथ मिस्त्री सायकलवर आला आणि गाडीखाली शिरला. खालचा बोल्ट काढून त्यानं डबा लावला. तेल काकवीसारखं सावकाश उतरलं. मग त्यानं आतली चाळणी काढली. तिच्यावर डिंकासारखा थर बसला होता. त्यानं तो बोटावर चोळला, हुंगला, पुन्हा हुंगला आणि बबनरावांकडं बघतच राहिला.

"चेअरमन, ह्यात करडीचं तेल हाय. तापून तापून त्याचा डिंक झाला, चाळणी बुजली. तेल खाली पडून हाय, वर चढतच न्हाई."

"करडीचं? इंजिनात?" बबनराव गोंधळले. मग त्यांना जे सोपं होतं तेच सुचलं. "म्हंजी भेसळ! सोसायटीचं तेल इकलं आन् वर हे वतलं. किल्ली ठेव, बंकट. उद्या फौजदारापुढं बोल."

"मालक, लेकराच्या टाळूला लावाया माज्या घरी करडीचा थेंब न्हाई," बंकट म्हणाला. तरी किल्लीसाठी पसरलेला बबनरावांचा हात तसाच राहिला.

भिवराबाई डब्यातल्या तेलाकडं बघू लागली. शनिवारी मारुतीला तेल घालायचा नेम तिला सासूनं लावून दिलेला. फाल्गुनात विहीर आटली आणि तिनं मनाशी ठरवलं, मारुती काही पाणी आणत नाही, गाडी आणते. मग शनिवारी बंकट पारावर भाकर खायला गेला की ती इंजिनाच्या तेलाचं टोपण उघडायची, वाटीभर करडी आत सोडायची, हात जोडायची आणि घरी यायची. देवाला चालतं, बैलगाडीच्या आखाला चालतं, मग हिलाच का चालू नये, हे तिला आत्ताही उमगत नव्हतं. गप्प बसलं तर बंकट चोर. बोललं तर सगळ्या गावापुढं आपण खुळी.

तिनं घागर खाली ठेवली.

"त्याची किल्ली त्याच्यापाशीच ऱ्हाऊ दे, बबन. तेल मी घातलंय."

"माय, तू गप ऱ्हा."

"आजवर कवा ऱ्हायले? दर शनिवारी घातलं. एक वाटी."

बबनरावांचा हात खाली आला. गहिनीनाथनं मात्र डब्यात वाकून पाहिलं आणि मान हलवली.

"येका वाटीनं न्हाई व्हायचं, माय. जुनं इंजिन तेल पितंय, गाडीचं तेल जळून आता नावाला हाय. समदी करडीच."

"मंग मी खोटं बोलते व्हय रं? एक वाटी म्हंजी एक वाटी! इचार कुणालाबी!"

ती तरातरा रांगेकडं वळली. साक्ष द्यायला एकही बाई तिच्याकडं बघेना. सुताराची मंजुळाबाई रिकाम्या घागरीत डोकावत होती.

"काय गं, मंजुळे? तुजी का वाचा बसली?"

"माजा मंगळवार हुता," मंजुळाबाई पुटपुटली. "देवीचा."

"आयतवार माजा," मागून सुंदरबाई म्हणाली. "खंडोबाचा."

वत्सलाबाईनं वार सांगितला नाही, नुसता पदर तोंडावर ओढला. तिच्या मागचीनंही ओढला.

भिवराबाई रांगेच्या शेवटापर्यंत बघत गेली. आणि तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं, तीन महिने झाले, गावातल्या एकाही चुलीवरून फोडणीचा वास आला नव्हता.