कडेची वेणी

“यात काय काय घातलंस?” भिंगसरांनी विचारलं.

मुलानं आपल्या तीनमजली केककडे पाहिलं. दोघांची ओळख जणू आत्ताच होत होती. “बाबांना विचारून सांगतो,” तो म्हणाला.

बाबा बांधकामाचे ठेकेदार होते. केक अगदी ओळंब्यात उभा होता.

शाळेच्या सभागृहात फलक लावला होता : ‘हंगामी फळांचे पदार्थ. मुलांनी स्वतः केलेले.’ ‘स्वतः’ या शब्दाखाली मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मुद्दाम दोन रेघा मारून घेतल्या होत्या. रेघांचा परिणाम दिसत होता. पालक यंदा जरा लवकर कामाला लागले होते.

परीक्षक होते भिंगसर. त्यांचं खरं नाव आता कुणालाच आठवत नसे. गृहपाठ कुणाच्या काकांनी करून दिलाय, हे ते नुसत्या अक्षरावरून सांगत. मुलांवर त्यांचा भारी जीव. एकच गणित दहादा समजावून सांगावं लागलं तरी आवाज चढायचा नाही. पालकांनी केलेला पदार्थ दिसला, की ते न बोलता उचलत आणि मागच्या टेबलावर नेऊन ठेवत. तिथे त्यांनी स्वतःच्या हातानं चिठ्ठी लावली होती : ‘पालकांची हस्तकला’.

तीनमजली इमारत तिकडे हलली. एका सफरचंदाच्या केकखाली बेकरीचा छापील कागद तसाच राहिला होता.

“घरचीच बेकरी का?” सरांनी त्या आईला विचारलं.

“वेळ कुठे असतो हो, सर,” ती म्हणाली. तिनं घड्याळही पाहून दाखवलं.

मागचं टेबल भरत आलं. पुढच्या टेबलावर एक करपलेला गोळा आणि दोन-तीन बसके केक तेवढे उरले. त्यांच्याकडे सर कौतुकानं पाहत होते. मग ते नासपतीच्या टार्टपाशी आले आणि थांबले.

नासपतीचे काप कागदासारखे पातळ, एकमेकांवर नीट रेललेले. आणि कडेला पिठाची वेणी. तीन पेडांची, शेवटी टोक आत न दडपता बारीकशी गाठ मारलेली. ही वेणी सरांना चांगली ओळखीची होती. पालकसभेत चहाबरोबर वर्षभर तीच तर असायची. उन्हाळ्यात चेरीभोवती, मग प्लमभोवती, थंडीच्या सुरुवातीला सफरचंदाभोवती. आणायच्या वकीलबाई. दिवसभर कोर्टात उभं राहून ही बाई संध्याकाळी वेण्या घालते, हे ऐकून बाकीच्या आया आपापले बिस्किटांचे पुडे पिशवीतच ठेवत. म्हणून तर मोठ्या बाईंनी आज बक्षिसांनंतर वकीलबाईंचं भाषण ठेवलं होतं. विषय, ‘धावपळीच्या घरातला हंगामी स्वयंपाक’. त्या व्यासपीठावर बसल्याही होत्या, इस्त्रीची घडी सांभाळून.

टार्टमागे त्यांची मुलगी उभी होती. दुपारच्या सुट्टीत गाल कायम भरलेले, म्हणून वर्गात तिला खारूताई म्हणत.

“सर, मी केलाय,” ती म्हणाली. विचारायच्या आधीच.

“आणि ही वेणी?”

“तीपण मीच.”

तिच्या मनगटावर भाजल्याचा ताजा डाग होता. आईच्या मध्येमध्ये लुडबुडताना चटका बसला असणार, सरांनी अंदाज केला. त्यांचे अंदाज सहसा चुकत नसत. ते तिच्या उंचीला खाली वाकले.

“बाळ, नंबर नाही आला तरी काही बिघडत नाही. पण खोटं बोललं, की पुढे आपलं खरंही कुणी ऐकत नाही. ही वेणी मी वर्षभर खातोय. आईची आहे ना?”

खारूताईनं व्यासपीठाकडे पाहिलं. मोठ्या बाई माइकवर फुंकर मारून बघत होत्या. तिनं टार्ट किंचित पुढे सरकवला होता, तो मागे घेतला.

“हो,” ती म्हणाली. “आईची आहे.”

“शाब्बास.”

सरांना भरून आलं. एका मुलीला खरं बोलायला शिकवलं, आणि तेही उभ्या उभ्या. त्यांनी टार्ट उचलला आणि मागच्या टेबलाकडे निघाले.

“सर, तो तिथेच राहू दे.” वकीलबाई पायऱ्या उतरून खाली आल्या होत्या.

“ताई, तिनं स्वतः कबूल केलंय.”

“असली कबुली कोर्टात टिकत नाही, सर. वेणी तुम्ही बरोबर ओळखलीत. पण पालकसभेला मी आणायचे, ते टार्टही हिनंच केलेले. आमचा ओव्हन कुठल्या बटणानं लागतो, तेसुद्धा मला माहीत नाही.”

सभागृहातल्या यच्चयावत आयांना एकदम हलकं वाटलं. ठेकेदार बाबांनी तर पुढे वाकून ते सगळं पुन्हा ऐकायची तयारी दाखवली. सर टार्ट हातात धरून तसेच उभे होते. मागचं टेबल जवळ होतं, पुढचं लांब. ते लांबच्या टेबलाकडे परत आले, टार्ट होता तिथे ठेवला आणि पुन्हा खाली वाकले. या वेळी गुडघे जास्त दुखले.

“अगं, मग मला ‘हो’ का म्हणालीस?”

“आईचं भाषण होतं ना आता, सर.”

मोठ्या बाईंना चिंता एकच होती, कार्यक्रमपत्रिका छापून झाली होती. ती वाया गेली नाही. भाषण ठरल्या वेळी, ठरल्या विषयावरच सुरू झालं. माइक तेवढा बराच खाली घ्यावा लागला.