चौथ्या ताटाचा अर्थ

शाळा संपतानाच्या तोंडी परीक्षेत मी पास झालो. ते सध्या विसरा. अजून माझं नावही पुकारलेलं नाही.

हंगेरीतल्या सेगेद शहरात जूनची दुपार पेंगत होती. हिरव्या कापडाच्या टेबलामागे तीन परीक्षक आणि एक रिकामी खुर्ची होती. पालकांनी परीक्षकांसाठी भाजून पाठवलेल्या 'पोगाचा' नावाच्या छोट्या खारट पावांच्या मात्र चार बशा होत्या. मी दोनदा नापास झालेलो, ही शेवटची संधी. मी उपडी चिठ्ठी उचलली.

चिठ्ठीवर इवलीशी कथा होती, तिचा अर्थ सांगायचा होता: एक बाई रोज चार ताटं वाढते. घरात जेवणारे तिघंच. चारही ताटं रिकामी होतात.

"बोल व्हेंडेल, चौथा कोण?" मधल्या परीक्षक पिरोश्काबाईंनी विचारलं.

"तिचा मेलेला नवरा."

"गेल्या वर्षीही सगळ्या कथांत नवराच मारलास. त्यावरच नापास झालास ना?"

रिकाम्या खुर्चीसमोरच्या बशीतला एक पाव कमी झाला.

"मग तिची आशा, बाई."

"आशा जेवत नाही रे," टोकाला बसलेले सर जांभई देत म्हणाले.

आणखी एक पाव गेला. बशी रिकामी झाली.

"कोण ते माहीत नाही," मी हळूच म्हणालो, "पण त्याचं पोट भरलेलं नाही."

तिघांनी एकदम पेन खाली ठेवलं. पास. निकालपत्रावर चार सह्या होत्या, चौथी अजून ओली.

घरी आम्ही दोघंच, आई आणि मी. आईने तीन ताटं वाढली होती.

तरी माननीय परीक्षा मंडळास नम्र विनंती, की माझा निकाल रद्द करून मला पूर्ववत नापास करण्यात यावं.