अंगठ्याजवळचा तीळ

लहानपणी चित्र काढायला बसली की ती सगळं घर वेठीस धरायची. "कुणी हलायचं नाही!" आजोबा बसल्याबसल्या घोरायला लागत, आई ओरडे, "अगं, दूध उतू चाललंय, सोड आता!" आज धंदाही चित्रांचाच; मालक तीच, नोकरही तीच. समोर बसायला मात्र कुणी नाही. मुलांच्या पुस्तकासाठी स्वतःच शाल पांघरून आजोबा झाली, चष्मा लावून बाबा, वेण्या घालून मुलगी, अंबाडा बांधून आई. मोबाइलला टायमर लावून फोटो काढले, त्यांवरून जेवायला बसलेलं कुटुंब रेखाटलं. संपादकबाईंचा फोन आला. "चित्र झकास जमलंय, पण चौघांच्याही अंगठ्याजवळ तोच तीळ कसा?" तिने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. "ज्याचा आहे त्याचा ठेवा, बाकीचे पुसा," बाई म्हणाल्या. तिने खोडरबर घेतलं. आजोबांचा पुसला, बाबांचा, मुलीचा. आईच्या हातापाशी थांबली. मग तोही पुसला.